अभिस्तर ऊतींचे प्रकार पाठ होतात पण डोक्यात बसत नाहीत, कोणी समजावेल का?

नववीची_आई:
नमस्कार मंडळी, लेक नववीत आहे, अभिस्तर ऊतींचा, म्हणजे शरीराला बाहेरून आणि अवयवांना आतून अस्तर लावणाऱ्या पेशींच्या थरांचा, धडा चाललाय. सरल पट्टकी (चपट्या पेशींचा एकच थर), स्तरित पट्टकी (चपट्या पेशींचे थरावर थर), स्तंभीय (उंच पेशी), घनाभरूप (ठोकळ्यासारख्या पेशी), रोमक (बारीक केस असलेल्या पेशी), सगळी नावं घडाघडा म्हणते पण काल विचारते, आई अन्ननलिकेत थरावर थर आणि जठरात एकच थर असं का, अ‍ॅसिड तर जठरात असतं ना? मला काही सांगता आलं नाही.

स्लाइडवाला:
ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बनवतो, रोज हेच बघतो. नाव नंतर, आधी त्या जागेचं काम काय ते विचारायचं. अन्ननलिकेतून भाकरीचा तुकडा घासत जातो, वरच्या पेशी निघून जाणारच, म्हणून खाली थर तयार ठेवलेले, तोंडातही तसंच, आणि त्वचेत तर वरचे थर मेलेले, केराटिन नावाच्या कडक प्रथिनाने भरलेले, म्हणून पाणी सहज आत-बाहेर जात नाही. जठराचं काम वेगळं, तिथं स्राव सोडायचाय. एका रांगेतल्या उंच पेशी चिकट म्यूकस सोडतात, त्यात बायकार्बोनेट असतं, अ‍ॅसिडपासून बचाव तोच करतो, थरांची गरज नाही. गंमत म्हणजे ज्यांना वर्षानुवर्षं अ‍ॅसिड वर येतं त्यांच्यातल्या काहींच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पट्टकी जाऊन स्तंभीय पेशी येतात, त्याला बॅरेट म्हणतात आणि त्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात कारण पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. फुप्फुसातल्या वायुकोशात चपट्या पेशींचा एकच पातळ थर, ऑक्सिजनला पटकन रक्तात जायचंय. घनाभरूप किडनीच्या नलिकांत.

पहाटेचा_चहा:
रोमकचं मी सांगतो, घरात बघितलंय. श्वासनलिकेतले ते बारीक केस धूळ आणि कफ घशाकडे ढकलत राहतात. सिगरेटच्या धुराने ते लुळे पडतात आणि खूप वर्षं ओढली की काही ठिकाणी रोमक पेशी जाऊन पट्टकी थर येतात, धूर सोसतात पण झाडू गेला, मग कफ खोकूनच काढावा लागतो. बाबांचा सकाळचा खोकला मला हे वाचल्यावर कळला.

नववीची_आई:
खूप आभार दोघांचे!! अजून एक, या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात म्हणे, मग पेशी जगतात कशा?

स्लाइडवाला:
खालच्या संयोजी (जोडून आधार देणाऱ्या) ऊतीतल्या रक्तातून अन्न, ऑक्सिजन मधल्या पातळ पडद्यातून, म्हणजे आधारपटलातून, झिरपत वर येतं. कागदाने अगदी वरवर कापलं तर झोंबतं पण रक्त येत नाही, ते यामुळेच. आणि या पेशी भराभर नव्या होतात, लहान आतड्याचं अस्तर 3 ते 5 दिवसांत बदलतं, म्हणून तर कॅन्सरची केमो चालू असताना तोंड येतं, जुलाब होतात, औषध भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना मारतं.

नववीची_आई:
लेकीला वाचून दाखवलं, ती विचारते मूत्राशय तर भरल्यावर ताणतं, तिथे कुठली?

स्लाइडवाला:
शाब्बास! ती ट्रान्झिशनल, अकरावीला भेटेल. रिकामं असताना वरच्या पेशी घुमटासारख्या फुगीर आणि थर बरेच दिसतात, भरलं की त्याच पेशी सपाट होतात आणि थर दोन-तीनच वाटतात.