मदत हवी आहे : रक्तदाबाच्या आणि चिंतेवरील गोळ्यांमुळे लैंगिक क्षमतेवर झालेला परिणाम

नमस्कार. माझे वय ५१ आहे. चार वर्षांपूर्वी रक्तदाब १६०/१०० च्या आसपास निघाल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ॲटेनोलॉल आणि क्लोरथॅलिडोन यांची एकत्रित गोळी सुरू केली. रक्तदाब आटोक्यात आला, मात्र सहा-सात महिन्यांत लिंगाला पूर्वीसारखी ताठरता येईनाशी झाली. पहाटे आपोआप येणारी ताठरताही कमी झाली. गेल्या वर्षी आई गेली, माझी झोप उडाली, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी चिंता आणि नैराश्यावरील एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम दिले. त्या गोळीने मला सावरले. पण तेव्हापासून ताठरता कशीबशी टिकली तरी वीर्यपतनाला फार वेळ लागतो आणि पुष्कळदा ते होतच नाही.

या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, हे मला उशिरा उमगले. एस्सिटालोप्रामसारख्या औषधांनी मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढतो आणि वीर्यपतन लांबते. शीघ्रपतनावर दिले जाणारे डॅपॉक्सेटीन याच गटातले आहे. ताठरतेचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. जुन्या पिढीतील बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधे, जसे माझे ॲटेनोलॉल) आणि लघवी वाढवणारी औषधे (जसे क्लोरथॅलिडोन) यांच्यावर हा ठपका पूर्वीपासून आहे, परंतु उच्च रक्तदाबानेच रक्तवाहिन्या खराब होतात, आणि लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्यामुळे ही तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसू शकते. म्हणजे दोष गोळीचा की आजाराचा, हे मला घरी बसून ठरवता येणार नाही.

इटलीतील २००३ सालच्या एका अभ्यासाने मी आणखी गोंधळलो. हृदयविकाराच्या ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल दिले, तेव्हा औषधाचे नाव न सांगितलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी ताठरतेची तक्रार केली. नाव आणि हा दुष्परिणाम दोन्ही सांगितलेल्यांत ते प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. माझी तक्रार मात्र असे काहीही वाचण्यापूर्वीच सुरू झाली होती.

एक चूक सांगणे आवश्यक वाटते. दोन महिन्यांपूर्वी मी रक्तदाबाची गोळी कोणालाही न विचारता बंद केली. चौथ्या दिवशी धडधड वाढली आणि रक्तदाब १७० च्या वर गेला. ॲटेनोलॉल एकाएकी थांबवल्यास असे होते, आणि हृदयविकार असलेल्यांना त्यातून झटकाही येऊ शकतो. कृपया कोणीही हे करू नये. त्याच सुमारास एका मेडिकलमध्ये मला चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी, म्हणजेच व्हायग्रातील औषध) देऊ केले. इतर कोणती औषधे घेता, एवढेही विचारले नाही. माझे थोरले बंधू छातीत दुखल्यास जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. नायट्रेट गटातील अशा औषधांसोबत सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. मी ते घेतले नाही.

ज्यांच्या डॉक्टरांनी ॲटेनोलॉल हळूहळू कमी करून रक्तदाबावरील टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा नेबिवोलॉल दिले, त्यांना फरक पडला का आणि किती काळाने? एस्सिटालोप्रामच्या बाबतीत मात्रा कमी करणे, नैराश्यावरील दुसरे औषध बुप्रोपिऑन जोडणे किंवा तशाच मिर्टाझापिनवर जाणे, यांपैकी कोणाला काय मानवले? मनाचा आजार उलटला तर काय, ही भीती मला अधिक आहे.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आमचे डॉक्टर वडिलांच्या काळापासून घरचे आहेत आणि तपासणीच्या वेळी सौ. नेहमी केबिनमध्ये सोबत असते. आता आपण यांना नकोशा झालो आहोत, असे तिने मनाशी धरले आहे, आणि हा औषधांचाही परिणाम असू शकतो, हे तिने डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे, अशी माझी इच्छा आहे. आपल्यापैकी कोणी पत्नीसमक्ष हा विषय काढला असेल, तर पहिले वाक्य कसे बोललात? पुढच्या सोमवारी आमची वेळ ठरलेली आहे. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन यांच्या तपासण्या आधीच करून न्याव्यात की डॉक्टर सांगतील तेव्हाच कराव्यात, हेही कृपया कळवावे.