वॉर्ड सोडून डायबिटीस एज्युकेटर व्हावं का? इंदूरच्या कोणी नर्सेस आहेत का इथे

रामबागची_सिस्टर
नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि मग पोस्ट बेसिक बीएससी केलंय, बरीच वर्षं एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात आहे. शुगरचे पेशंट सतत असतात आणि डिस्चार्जला इन्सुलिनचं सगळं पाच मिनिटांत सांगून मोकळं व्हावं लागतं कारण खाली दुसरा पेशंट बेडसाठी थांबलेला असतो, मग तोच माणूस परत येतो, पाय चिघळलेला नाहीतर शुगर 50 पर्यंत उतरून घामाघूम. मला हे शिकवायचंच काम नीट करायचंय, जमलं तर रिसर्च पण. घरचे म्हणतात पक्की नोकरी सोडून हे काय काढलंस. कोर्स कुठला करू? आणि यात खरंच करिअर आहे का?

सुदामानगर_ताई
आहे गं, पण वॉर्ड लगेच सोडू नकोस. मी एका एंडोक्राइनवाल्या (हार्मोन्स-डायबिटीसच्या) डॉक्टरांच्या क्लिनिकला एज्युकेटर आहे. आयडीएफचे (इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशन) ऑनलाइन कोर्स आहेत, ते बघ. अमेरिकेचं सीडीसीईएस, म्हणजे तिथलं डायबिटीस एज्युकेटरचं सर्टिफिकेट, लोकं सुचवतात पण त्याला तिथलं लायसन्स लागतं, तेव्हा ते सोड. पगार सुरवातीला कमी वाटेल, नाइट मात्र सुटते.

खरं काम सांगते. आपल्याकडे इन्सुलिनची वायल, म्हणजे बाटली, बहुतेक दर मिलीला 40 युनिटची आणि पेनची कार्ट्रिज 100 ची. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. आता मेडिकलवाल्याने केशरी दिली आणि आजोबांनी 40 च्या वायलमधून 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त 8 युनिट, शुगर उतरत नाही, मग डॉक्टर डोस वाढवतात. उलटं झालं, म्हणजे 100 चं औषध लाल टोपीच्या सिरिंजने, तर 20 चे 50 होतात, जिवावरचंच काम. म्हणून 'समजलं का' विचारूच नकोस, सगळे हो म्हणतात. बाटली-सिरिंज घेऊन या, माझ्यासमोर भरून दाखवा, असं सांग. आणि पोटावर हात फिरवून बघ, एकाच जागी टोचून गाठी झालेल्या असतात, तिथे दुखत नाही म्हणून परत तिथेच टोचतात आणि औषध नीट शोषलं जात नाही.

खाण्याचं पण तसंच, इंदूरच्या माणसाला पोहे-जलेबी बंद म्हटलंस की तो पुढच्या वेळी येतच नाही. पोहे थोडे, वर शेव कमी, दाणे-मटार जास्त, जलेबी कधीतरी एखादी, असं बोललं की ऐकतात. आपल्या मराठी घरांत उपास आवर्जून विचार, ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेतलेली आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही, अशा काकू मी खूप बघितल्यात.

ट्रायलवाला_दादा
रिसर्चबद्दल लिहितो, मी क्लिनिकल ट्रायलमध्ये (पेशंटवर उपचार तपासून बघणारा अभ्यास) कोऑर्डिनेटर आहे आणि आमच्या कामात नर्सेसना खूप मान आहे. डीसीसीटी हा डायबिटीसचा मोठा ट्रायल बघा, 1983 ते 1993, टाइप वनचे (ज्यात अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) 1441 पेशंट, शुगर काटेकोर सांभाळल्यावर ज्यांचे डोळे चांगले होते त्यांच्यात रेटिनोपॅथीचा (शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब होण्याचा) धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. आता हे गोळी देऊन झालेलं नाही, दर महिन्याला भेटी, मधेमधे फोन, डोस बदलत राहणं, आणि त्यात ट्रायलच्या नर्सेस होत्या.

आधी जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ट्रायल कशी नीट चालवायची त्याचे नियम) ट्रेनिंग करा. आणि संमतीपत्र मनापासून शिका, पेशंटला त्याच्या भाषेत, घाई न करता. ट्रायलमधल्या गैरप्रकारांवर 2012 साली सुप्रीम कोर्टात जी याचिका गेली ती आपल्या इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची, त्यानंतर देशभर नियम कडक झाले. तुमच्या वॉर्डात विषय तयारच आहे: घरी कुठली सिरिंज वापरतात, गाठी आहेत का, परत कशासाठी भरती झाले. फक्त माहिती गोळा करायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या.

टाइप_वनची_आई
मी नर्स नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या लेकीला टाइप वन आहे. शाळेने तिला वर्गात ग्लुकोमीटर काढू दिला नव्हता, म्हणाले बाकीची मुलं घाबरतात. तेव्हा आमच्या एज्युकेटर सिस्टर स्वतः शाळेत आल्या, टीचर्सना बसवून सांगितलं की 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज द्या, 15 मिनिटांनी परत तपासा, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. सीबीएसईने 2017 मध्येच बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना खाऊ आणि ग्लुकोज न्यायला परवानगी दिलीय तो कागद पण त्यांनीच आणून दाखवला. डॉक्टरांना एवढा वेळ कुठून असणार. तुम्ही या कामात याच ताई, आमच्यासारख्यांना फार गरज आहे.

रामबागची_सिस्टर
सगळ्यांचे खूप आभार, घरी पण वाचून दाखवलं. मेट्रनशी बोलले, डिस्चार्जच्या आधी इन्सुलिनवाल्या पेशंटसाठी अर्धा तास द्यायला तयार आहेत, आधी एक महिना बघू म्हणाल्या. ताई, तुमच्या ओपीडीत एक दिवस बसून बघता येईल का? डॉक्टरांना चालेल?

सुदामानगर_ताई
आजच विचारते त्यांना. बुधवारी ये, त्या दिवशी नवीन इन्सुलिन सुरू होणारे पेशंट जास्त असतात. वॉर्डात मिळतात त्या दोन्ही सिरिंज सोबत आण.