रविवारच्या खेळाची पुस्तके आणि नव्या आवृत्तीकडून अपेक्षा

बी-३०२ :
सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आपली मुले 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात (एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन फासे टाकत ती खेळायची), त्याच्या नव्या पुस्तकांसाठी वर्गणी काढावी का, असा प्रश्न मासिक सभेत निघाला होता. आमच्याकडची पुस्तके २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीची आहेत. त्याच आवृत्तीची सुधारित पुस्तके २०२४ पासून आली, आणि पुढे कधीतरी संपूर्ण नवी आवृत्ती आली की हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, म्हणून नव्या पुस्तकांकडून आपल्याला काय हवे आहे ते आधी बोलून घ्यावे असे मला वाटते.

माझी अपेक्षा अशी, की नियम तोंडी आणि मराठीत सांगता यावेत. एप्रिलमध्ये मी मुलांच्या पात्रांना भर दुपारी माळरान ओलांडायला लावले. सोलापूरच्या मुलांना ऊन समजावून सांगावे लागत नाही, पण थकव्याचा नियम समजावताना माझीच दमछाक झाली, कारण जुन्या पुस्तकात थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीचा परिणाम वेगळा आहे आणि दर वेळी खेळ थांबवून मला तक्ता उघडावा लागत होता. २०२४ च्या पुस्तकात तोच नियम असा झाला आहे : प्रत्येक पायरीमागे वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यातून दोन वजा करायचे, चाल पाच फुटांनी कमी करायची, आणि सहाव्या पायरीला पात्र मरते. पुढच्या रविवारी हा नियम घेतला, तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने तो एकदाच ऐकला आणि आपल्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन पायऱ्यांचे 'उणे चार' लिहून ठेवले. येणाऱ्या आवृत्तीतले सगळेच नियम इतके सुटसुटीत असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सी-२०१ :
ताई, तुम्ही मुलांसाठी एवढा वेळ देता, त्याबद्दल आधी आभार. माझी तक्रार वेळेची आहे. दोन तासांच्या खेळात एकच लढाई दीड तास चालली आणि माझ्या मुलीची पाळी येईपर्यंत ती खिडकीपाशी जाऊन बसली होती. २०२४ मध्ये प्रत्येक शस्त्राला आणखी एक खास गुण जोडला आहे, असे तिच्याकडून कळले. घाव बसला की समोरचा पडतो का, ते पाहण्यासाठी पुन्हा फासा टाकायचा, म्हणजे वेळ वाढणारच. नव्या आवृत्तीने एका पाळीत करायच्या गोष्टी कमी केल्या, तर लहान मुले टेबल सोडून उठणार नाहीत.

बी-४०३ :
काकू, वेळेचे तुमचे म्हणणे मला पटते, परंतु शस्त्रांचे गुण काढू नयेत असे मला वाटते. मी दोन वर्षे योद्धा खेळलो आहे. शेजारचा जादूगार दर पाळीला निरनिराळे मंत्र वापरत असे आणि मी मात्र 'मारतो' एवढेच म्हणत असे. आता मी शत्रूला ढकलू शकतो, पाडू शकतो, त्यामुळे जागेचा विचार करावा लागतो. आपल्या भुईकोट किल्ल्याचा नकाशा काढून आम्ही त्यावर खेळलो, तेव्हा दुहेरी तटबंदीच्या मधल्या जागेत शत्रूला अडवून खंदकात ढकलण्यात जी गंमत आली, ती जुन्या नियमांत आली नसती. वेळ वाचवायचाच असेल तर वरच्या पातळीवरचे लांबलचक मंत्र आटोपशीर करावेत, कारण खेळ खरा तिथेच अडखळतो. आणखी एक विनंती अशी, की नवी आवृत्ती छापील पुस्तकांतच पूर्ण असावी. प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल दिल्याशिवाय खेळता येणार नसेल, तर आम्हाला ती नको.

ए-१०४ :
फासे पाहून मला सुरुवातीला हा प्रकार रुचला नव्हता. पुढे नातवाबरोबर तीन रविवार बसलो आणि माझे मत बदलले, हे इथे नमूद करतो. मुले एकमेकांचे ऐकून घेतात आणि विचार करून बोलतात. मात्र आपल्या इमारतीत कोणाच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, आणि खेळताना सगळी मुले मराठीवर येतात. पुस्तक मात्र इंग्रजीत. ताई, याचे मराठी करण्यास परवानगी लागते काय?

बी-३०२ :
काका, तुमच्या प्रश्नात माझी सर्वांत मोठी अपेक्षा आली. जानेवारी २०२३ मध्ये हा खेळ काढणारी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनी, इतरांना खेळाचे नियम वापरू देणारा जुना खुला परवाना बदलू पाहत होती. खेळाडूंनी जगभरातून विरोध केला आणि २७ जानेवारीला कंपनीने पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. सुधारित नियमही २०२५ मध्ये तसेच खुले झाले. मूळ श्रेय नोंदवले की त्यांचे भाषांतर करता येते, छापता येते, वाटताही येते. पूर्ण पुस्तक त्यात नाही. पात्रांच्या बाराही वर्गांची (योद्धा, जादूगार वगैरे) फक्त एकेक उपशाखा आहे, पण आपल्या मुलांना तेवढे पुष्कळ झाले. पुढच्या आवृत्तीचे नियम पहिल्या दिवसापासून असेच खुले असावेत, ही माझी अपेक्षा आहे आणि तीवर मी तडजोड करणार नाही. त्यामुळे वर्गणी पुस्तकांसाठी काढू नये. हे खुले नियम मराठीत करून छापण्यापुरती काढावी, असे मी सुचवते. फक्त 'सेव्हिंग थ्रो'पाशी मी अडकले आहे. संकट आले की त्यातून सुटलो की नाही, हे ठरवणारा तो फासा. 'बचावफेक' हा शब्द मुलांच्या तोंडी बसत नाही.

ए-१०४ :
'निभाव' म्हणून पाहा. फासा टाकला की विचारायचे, निभाव लागला का?

सी-२०१ :
माझी मुलगी शेजारी बसून वाचते आहे, तिला हा शब्द लगेच आवडला. छपाईसाठी माझ्याकडून शंभर रुपये लिहून घ्या. पहिली चार पाने मी रविवारपर्यंत टाइप करून देते.