स्टेटसला रतन टाटा, आणि आमचं बिल?

भोसरीकर
काल, म्हणजे १० ऑक्टोबर २०२४ला, थकलेल्या पेमेंटसाठी एका गिऱ्हाइकाला फोन लावला. नाव सांगत नाही, परत त्याच्याच दारात जायचंय. अकाउंट्सवाला म्हणाला, "आजचा दिवस राहू द्या. साहेब फार डिस्टर्ब आहेत, टाटा गेले ना." साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला कुत्र्याबरोबरचे रतन टाटा, खाली 'सचोटी म्हणजे टाटा' आणि हात जोडलेले.

आमचं चलन ६ जूनचं. माल त्याच दिवशी उतरवून घेतला, शिक्का मारून दिला. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ पासून कायदा आहे. इथं १२६ दिवस झाले. टाटांबद्दल मला काही म्हणायचं नाही. या रडण्याबद्दल म्हणायचंय. मोठा माणूस गेला की त्याच्या चांगुलपणात फुकटात वाटा मिळतो, असं झालंय.

दादरची मावशी
अहो, माणूस जाऊन दोन दिवस नाही झाले. तुमच्या बिलाचा राग त्या फोटोवर का काढता? २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर ताजवाल्यांनी नुसतं आपल्या कर्मचाऱ्यांपुरतं पाहिलं नाही, बाहेरच्या पीडितांसाठीही ट्रस्ट काढला. माझ्या बहिणीचे परळच्या टाटा हॉस्पिटलात नाममात्र खर्चात उपचार झाले. आमच्या घरी काल कोणी जेवलं नाही. ते स्टेटससाठी नव्हतं.

कोपऱ्यातला
मेलेल्या म्हशीला मणभर दूध! मुळशीचं धरण टाटांचंच. १९२१ साली सेनापती बापट ज्या शेतकऱ्यांसाठी उभे राहिले, त्यांच्या जमिनी कुठं गेल्या? बरं, ते रतन टाटांच्या जन्माआधीचं, सोडून देऊ. २ जानेवारी २००६, ओडिशातलं कलिंगनगर. टाटा स्टीलच्या जागेला भिंत घालताना गोळीबार झाला, १३ आदिवासी गेले. तेव्हा अध्यक्ष कोण होतं? २०१० मध्ये टाटांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडियांच्या फोन-संभाषणांच्या टेप बाहेर आल्या, तर रतन टाटा खासगीपणाच्या हक्कासाठी सुप्रीम कोर्टात. हे आज नाही बोलायचं तर कधी बोलायचं? वर्षश्राद्धाला?

दादरची मावशी
म्हैस काय, म्हैस! जरा जनाची ठेवा. आणि गोळ्या पोलिसांनी झाडल्या होत्या.

कोपऱ्यातला
भिंत कोणाची होती मावशी?

निवृत्त ऑडिटर
दोघांनीही जरा दमानं घ्या. मावशी, ते हॉस्पिटल १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टनं उभं केलं हे खरं. पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तुमच्या बहिणीच्या उपचारात करदात्यांचाही वाटा आहे, म्हणजे भोसरीकरांचासुद्धा.

कोपऱ्यातल्यांनाही एक. टाटा सन्स ही समूहाची मुख्य कंपनी, तिचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटांच्या धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. लाभांशातला मोठा हिस्सा तिकडे जातो, म्हणून हा माणूस श्रीमंतांच्या याद्यांत वरती कधी दिसला नाही. ही घडी त्यांनी बसवलेली नव्हे, आधीच्या पिढ्यांनी बसवली. पण १९९१ ते २०१२ हातात असताना त्यांनी ती मोडली नाही, याला मी मार्क देतो. मोडायला किती जण टपलेले असतात ते मी चाळीस वर्षं ताळेबंदांत पाहिलंय. आणि नॅनो, ती लाख रुपयांची गाडी. धंदा म्हणून फसली, पण मधल्या काळात कच्चा माल महागला तरी पहिल्या एक लाख गाड्या ठरल्या भावातच दिल्या. शब्द पाळणं म्हणतात ते हे.

भोसरीकर
ऑडिटर काका, नॅनोचं पटलं. फक्त मी सुट्टे भाग बनवणारा माणूस, त्यामुळे लाखाची गाडी म्हटलं की मला आधी बोल्ट बनवणारा आठवतो. त्याच्या रेटचं काय झालं असेल?

कोपऱ्यातला
आता आलात लाईनवर.

भोसरीकर
नाही आलो. तुमची कलिंगनगरची गोष्ट माझ्या बिलापेक्षा कितीतरी मोठी आहे, तिला माझ्या धाग्यात कोंबू नका. वेगळा धागा काढा, मी वाचेन. मावशी, तुमच्या घरी जेवले नाहीत ते मला खोटं वाटत नाही. माझं भांडण फोटो लावून चेक दाबून ठेवणाऱ्याशी आहे.

निवृत्त ऑडिटर
लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी सरकारचं समाधान पोर्टल आहे, तिथं तक्रार का टाकत नाही? बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं त्याला.

भोसरीकर
टाकली की व्याज मिळेल कधीतरी, पुढची ऑर्डर मात्र नाही मिळणार. माझं निम्मं काम त्याच्याकडून येतं. एवढ्याचसाठी सगळे गप्प असतात काका.

स्टेटस आज सकाळी उडालं. उद्या दसरा, लेथ पुसून ठेवलाय, झेंडू आणायचाय. पोरांचा दिवाळी बोनस डोक्यात आहे. सोमवारी परत फोन लावतो.