चौथं समीकरण फुकट मिळत नाही
स्थिर वस्तूवरची अज्ञात बलं समतोलाच्या समीकरणांतून काढताना 'तीन समीकरणं पुरली नाहीत तर आणखी एका बिंदूभोवती मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम: बल × बिंदूपासूनचं लंब अंतर) घ्या' असा सल्ला दिला जातो, तो पटला नाही. एका प्रतलातल्या बलांना स्वतंत्र समीकरणं तीनच: आडवी बलं, उभी बलं आणि मोमेंट, प्रत्येकाची बेरीज शून्य. चौथं त्यांतूनच निघतं. चार अज्ञातं घेऊन मी एकदा पानभर झटापट केली, हाती आलं ० = ०.

ताळा म्हणून मात्र ते झकास! ६ मीटरची बीम, दोन्ही टोकांना टेकू, डावीकडून २ मीटरवर १२ किलोन्यूटन भार: टेकूंच्या प्रतिक्रिया (टेकू बीमला वर देतात ती बलं) डावीकडे ८ आणि उजवीकडे ४ किलोन्यूटन. आता मधोमध मोमेंट घ्या. घड्याळाच्या दिशेने ८×३ = २४, उलट दिशेने १२×१ + ४×३, तेही २४. चिन्हाची चूक इथे लगेच सापडते. फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृतीत) एखादं बलच काढायचं राहिलं असेल, तर मात्र हा ताळाही गप्प बसतो.