मदत हवी आहे: शेक्सपियरचं ११६वं सॉनेट कसं वाचायचं?
मंडळी, १६०९ला छापलेलं हे सॉनेट (चौदा ओळींची कविता), खरं प्रेम वादळातही हलत नाही, भरकटलेल्या जहाजाला ताऱ्यासारखं असतं वगैरे, माहितीच असेल. पण परत परत वाचताना वाटतं यात 'नाही'च फार आहेत, आणि शेवटी तर हे खोटं ठरलं तर मी कधी लिहिलंच नाही नि कुणी कधी प्रेम केलंच नाही अशी थेट पैज, म्हणजे तो कुणाशी वाद घालतोय का? मला कवी जॉन डनची कंपासवाली कविता जास्त भिडते, त्यात दोघं प्रेमी म्हणजे वर्तुळ काढायच्या कंपासचे दोन पाय, एक पाय मध्ये रोवलेला, पण दुसरा लांब गेला की त्याच्याकडे झुकणारा. तुम्हाला काय वाटतं? आणि बायकांनी लिहिलेल्या अशा जुन्या इंग्रजी कविता सुचवा ना प्लीज, क्रिस्टिना रोझेटीची 'रिमेंबर' वाचलीये, फार आवडली.