लाईट गेली की पी-क्यू पुन्हा नव्याने, आणि दुधाची रांग बाहेर

सत्तरीकर:
वाळपईजवळच्या एका दूध संस्थेसाठी संकलनाचा प्रोग्राम लिहिलाय. यंत्र म्हणजे जुना रास्पबेरी पाय, तळहाताएवढा छोटा संगणक. दूध घेऊन झालं की दिवसाच्या फायलीवर डीएसए सही (फाईल आमचीच, हे दाखवणारी डिजिटल सही) होऊन ती वरच्या कार्यालयात जाते. तिथला प्रोग्राम जुनाट, त्याला डीएसएच कळतं.

चालू होताना सहीची लायब्ररी (तयार कोड) पी, क्यू, जी हे त्या गणिताला लागणारे मोठे आकडे काढत बसते. पी २०४८ बिटांचा, क्यू २५६ चा. पडद्यावर ठिपके पडत राहतात, कधी १५ सेकंद, कधी दोन मिनिटं. सध्या पावसात लाईट जाते-येते. सकाळी सहाला कॅन घेऊन माणसं उभी आणि मी ठिपके मोजतोय. परवा एक काका म्हणाले, "तुझं यंत्र रांगोळी घालतंय काय रे?" पी १०२४ वर आणू का? आणि वेळ इतका कमीजास्त का?

फोंडेकर_गणितवाला:
१०२४ चा विचारही नको. यंत्र ठीक आहे, हा नशिबाचा भाग. आधी सीड म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, त्याच्या हॅशमधून (घुसळून काढलेल्या ठराविक लांबीच्या आकड्यातून) क्यू निघतो. मग एक मोठी संख्या घेऊन ती अशी खाली सरकवतात की पी वजा १ ला २क्यूने पूर्ण भाग जावा. तो पी मूळ संख्या आहे का, हे मिलर-राबिन चाचणी बघते. एवढ्या मोठ्या विषम संख्यांत साधारण ७१० मागे एक मूळ. पाचव्या खेपेला सापडेल, नाहीतर दोन हजाराव्या. ८१९२ खेपा वाया गेल्या तर क्यूच बदलायचा.

म्हापशाचा_जुना:
पण दर वेळी काढतोसच कशाला? पी, क्यू, जी गुपित नसतात. एकदा काढ, सीड आणि काउंटरसकट (कितव्या खेपेला पी सापडला तो आकडा) जपून ठेव, बाजारात फळ्यावर लिहिलेस तरी चालेल. लपवायची ती सही करणारी खाजगी किल्ली आणि दर सहीचा के, म्हणजे त्या सहीपुरता गुप्त आकडा. दोन वेगळ्या फायलींना एकच के आला की किल्ली दुसऱ्याच्या हाती. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ या गेमयंत्राची किल्ली तशीच निघाली. तिथे ईसीडीएसए, म्हणजे डीएसएचाच वक्रांच्या गणितावरचा भाऊ होता, पण चूक हीच. आरएफसी ६९७९ या इंटरनेट मानकाप्रमाणे के हा संदेश आणि किल्लीवरूनच काढ, म्हणजे नुकत्याच चालू झालेल्या रास्पबेरी पायच्या यादृच्छिक आकड्यांच्या भरवशावर राहायला नको.
वरच्यांना पटवता आलं तर ईडी२५५१९ ही नवी सहीची पद्धत घ्या. २०२३ च्या फिप्स १८६-५ या अमेरिकी सरकारी मानकानुसार डीएसएने फक्त जुन्या सह्या तपासायच्या, नव्या करायच्या नाहीत.

फोंडेकर_गणितवाला:
थांब हां. पी-क्यू नवे म्हणजे किल्लीही नवी. मग सही तपासायची सार्वजनिक किल्ली वरच्या कार्यालयाला कळते कशी?

सत्तरीकर:
फायलीसोबतच पाठवतो ना.

फोंडेकर_गणितवाला:
मग ती सही कुणाची? उद्या मी फोंड्यात बसून किल्ली बनवली आणि तुमच्या संस्थेच्या नावाने फाईल धाडली, तरी ते "बरोबर" म्हणतील!

सत्तरीकर:
देवा. आठ महिने चाललंय हे.
काल एकदाच सगळं काढलं, सार्वजनिक किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन स्वतः नेऊन दिली. फायलीतून आलेली किल्ली घेऊ नका, असं त्यांच्या माणसाला दोनदा सांगितलं. जुन्या फायलींच्या बेरजा आता कागदी पावत्यांशी ताडून बघतोय, दुसरा मार्ग दिसत नाही. आज सकाळी लाईट दोनदा गेली. काका विचारत होते, रांगोळी कुठे गेली म्हणून.